साडेतीन हजार किलोमीटर आणि तीन गुण

इंडोनेशियाच्या नकाशावर अगदी उजव्या टोकाला, पापुआ न्यू गिनीच्या सीमेला लागून एक शहर आहे. नाव जयपुरा. म्हणजे आपलं जयपूरच की राव! डच होते तेव्हा हॉलंडिया, मग कोटा बारू, मग सुकर्णोंच्या नावाने सुकर्णोपुरा, आणि सुकर्णो गेल्यावर जयपुरा. साठ वर्षांच्या आत चार नावं. हे वाचून तुम्हाला त्या शहराच्या राजकारणाचा अंदाज आला असेलच. पापुआच्या लोकांनी यातलं एकही नाव स्वतः ठेवलेलं नाही, आणि शेवटच्या दोन नावांसाठी संस्कृत कामाला आली.

आज लिहायचंय ते या गावाच्या फुटबॉल क्लबबद्दल. पर्सिपुरा. टोपणनाव 'मुतियारा हितम', म्हणजे काळे मोती. आता पुण्यात बसून शनिवारी सकाळी पापुआच्या फुटबॉलवर कशाला लिहायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण मंडळी, एक क्लब देशात चार वेळा चॅम्पियन होतो, आशियात सेमीफायनलला जातो, आणि आठ वर्षांत दुसऱ्या पातळीवर घसरतो. असं का होतं यावर जे लोक बोलतात ते मला पटत नाही. म्हणून हा उद्योग.

आधी थोडा इतिहास, कंटाळा करू नका. डचांनी बाकीचा इंडोनेशिया सोडला तरी पश्चिम न्यू गिनी सोडलं नव्हतं. १९६२ च्या न्यूयॉर्क करारानंतर ते संयुक्त राष्ट्रांकडे गेलं आणि १ मे १९६३ ला इंडोनेशियाकडे. १९६९ मध्ये 'जनमत' घेतलं गेलं, त्यात जनता नव्हती, हजाराच्या आसपास निवडक प्रतिनिधी होते. त्यांनी एकमताने इंडोनेशियाच्या बाजूने कौल दिला. एकमताने! आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरही एकमत होत नाही. पर्सिपुराचं स्थापना वर्षही १९६३ च सांगतात. नावाचा फुलफॉर्म साधारण 'जयपुरा इंडोनेशियन फुटबॉल संघटना' असा. म्हणजे क्लबच्या नावातच तो सगळा पेच शिवलेला आहे.

२०२३ मध्ये मी कामासाठी सात महिने जकार्तात होतो. क्लायंटकडच्या टेस्टिंग टीममध्ये एक जण जयपुराचा होता. पस्तिशीचा असेल. सगळी ज्युनियर पोरं त्याला 'काका' म्हणायची आणि मला वाटायचं, अरे वा, हे तर आपलंच. नंतर कळलं, त्यांच्याकडे काका म्हणजे मोठा भाऊ. असो. या काकाच्या लॅपटॉपवर लाल-काळ्या रंगाचा स्टिकर होता. मी विचारलं, मिलान का? त्याने माझ्याकडे असं काही बघितलं की पुढचा दीड तास, दोन वेळा कॉफी घेऊन, मला पर्सिपुरा ऐकावं लागलं. पुढे त्याच्या नादाने मी जुन्या मॅचेस बघायला लागलो आणि मग सवयच लागली.

तर चढती कमान अशी. सप्टेंबर २००५, फायनल. समोर पर्सिजा, म्हणजे राजधानीचा क्लब. मैदान जकार्ताचं गेलोरा बुंग कार्नो, म्हणजे पर्सिजाचं अंगणच. मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये गेली आणि पर्सिपुराने ३-२ ने जिंकली. कोच रहमद दरमावान. टीममध्ये एक एकोणीस वर्षांचा पोरगा होता, बोआझ सोलोसा. आदल्याच वर्षी टायगर कपमध्ये त्याने अख्ख्या आग्नेय आशियाला आपलं नाव पाठ करायला लावलं होतं.

मग आला जॅकसेन टियागो. हा ब्राझिलचा, स्वतः इंडोनेशियात खेळलेला, तिथलाच झालेला. त्याच्या हाताखाली २००८-०९, २०१०-११ आणि २०१३ अशी तीन विजेतेपदं. मधल्या दोन सीझनला, २००९-१० आणि २०११-१२ ला, दुसरा नंबर. म्हणजे पाच सीझनमध्ये एकदाही दोनच्या खाली नाही. बोआझ तीनही विजेत्या सीझनला टॉप स्कोअरर (पहिल्या वेळी क्रिस्तियान गोन्झालेसबरोबर विभागून, दोघांचे २८-२८ गोल).

त्यांचा खेळ बघायलाच हवा. इंडोनेशियन लीगमध्ये तेव्हा धसमुसळा खेळ चालायचा, आणि ही पोरं छोटे छोटे पास देत, दोन्ही कडांनी सुसाट पळत समोरच्याला दमवायची. समुद्राला लागून असलेलं त्यांचं मंडाला स्टेडियम, मागे टेकडी, दुपारचं ऊन. पाहुणी टीम जकार्ताहून पाच तासांच्या वर विमानात बसून आलेली, घड्याळ दोन तास पुढे गेलेलं. अर्धी मॅच तिथेच जिंकलेली असायची.

२०१४ चा एएफसी कप हे शिखर. इथे आपला थोडा संबंध येतो. त्या वर्षी पर्सिपुराच्या ग्रुपमध्ये गोव्याचा चर्चिल ब्रदर्स होता. पर्सिपुरा ग्रुपमध्ये पहिला आला. क्वार्टर फायनलला समोर कुवेत एससी, आधीच्या दोन्ही वर्षांचे विजेते. कुवेतमध्ये पर्सिपुरा ३-२ ने हरला. परतीची मॅच मंडालावर: ६-१. पुन्हा वाचा, सहा-एक. तेलाच्या पैशावर उभ्या असलेल्या गतविजेत्यांना, न्यू गिनी बेटावरच्या एका शहराने. एएफसी कपच्या सेमीफायनलला जाणारा हा पहिलाच इंडोनेशियन क्लब. सेमीफायनलला कादसियाने दोन मॅचेसमध्ये मिळून दहा गोल मारून त्यांना जमिनीवर आणलं, ते सोडा. नोव्हेंबरमध्ये लीगची फायनल झाली पालेम्बांगला, पर्सिबविरुद्ध २-२ आणि पेनल्टीवर हार. तरीही क्लब शिखरावरच होता.

आता उतरण.

पडण्याची तारीख सगळे ३१ मार्च २०२२ सांगतात. लीगचा शेवटचा दिवस, पर्सिपुराने पर्सिताला ३-० हरवलं. पण तिकडे बारितो पुतेराने पर्सिबशी १-१ बरोबरी केली. दोघांचे ३६-३६ गुण झाले, आणि आपसातल्या मॅचेसच्या हिशोबावर बारितो वाचला, पर्सिपुरा खाली गेला. १९९४ मध्ये लिगा इंडोनेसिया सुरू झाल्यापासून वरच्या पातळीवर असलेला क्लब.

त्यात मेख अशी की २१ फेब्रुवारीला बालीत मदुरा युनायटेडविरुद्धच्या मॅचला पर्सिपुरा मैदानावर आलाच नव्हता. कारण दिलं कोविडचं, खेळायला पुरेसे फिट खेळाडू नाहीत म्हणून. शिस्तपालन समितीने मॅच ०-३ हरल्याचं धरलं आणि वर तीन गुण कापले. ते तीन गुण असते तर?

इथून पुढे दोन पार्ट्या. पहिली म्हणते, पापुआच्या क्लबला जावा बेटावरच्या लोकांनी ठरवून बुडवलं. दुसरी म्हणते, बेशिस्त क्लब, २००९ च्या कोपा फायनलमध्येही रेफ्रीवर चिडून मैदान सोडून गेले होतेच, भोगा आता. २००९ ची गोष्ट खरी आहे. सामना अर्ध्यात सोडला, श्रीविजयाला ४-० असा बहाल झाला. आणि माझ्या मते तीन गुण कापण्याचा निर्णयही नियमाला धरूनच होता. मॅचला यायचंच नाही आणि शिक्षा नको, असं चालत नाही.

पण आपण सॉफ्टवेअरवाले लोक. प्रॉडक्शन कोसळलं की शेवटची एरर मेसेज वाचून 'हेच कारण' असं लिहून देणाऱ्याला आपण काय म्हणतो? ती शेवटची ओळ लक्षण असते. लॉग मागे मागे वाचत जावा लागतो.

मागे गेलं की दिसतं, २०१९ च्या उत्तरार्धापासून पर्सिपुराला घरच नव्हतं. मंडाला दुरुस्तीसाठी गेलेलं, पापुआत राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा व्हायच्या होत्या ना. त्यातच ऑगस्ट २०१९ मध्ये सुराबायात पापुआच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला जमावाने घेरलं, पोरांना माकड म्हटलं गेलं. त्यावरून पापुआभर आंदोलन पेटलं, जयपुरात जाळपोळ झाली. आणि त्या सीझनला पर्सिपुराची 'होम' मॅच कुठे? सिदोआर्जोला. नकाशा काढून बघा. सुराबायाच्या शेजारी. ज्या भागात त्यांच्या पोरांना शिव्या पडल्या तिथेच काळ्या मोत्यांनी हे आमचं घर म्हणून खेळायचं! आणि तरीही पठ्ठ्यांनी तिसरा नंबर काढला. माझ्या मते २००५ च्या फायनलपेक्षाही ही मोठी कामगिरी आहे, फक्त तिचा कप मिळत नाही.

२०२० मध्ये लीग तीन फेऱ्यांनंतर कोविडमुळे थांबली. २०२१-२२ चा सीझन तर सगळाच बबलमध्ये, जावा आणि बालीत. म्हणजे पडायच्या आधीची जवळजवळ अडीच वर्षं पर्सिपुरा जयपुरात लीगची मॅच खेळलाच नाही. ऊन नाही, समुद्र नाही, दोन तासांचा फरक नाही, पाहुण्यांचा थकवा नाही. उलट तेच कायमचे पाहुणे. बाकीच्यांसाठी बबल म्हणजे गैरसोय होती, यांच्यासाठी ती वनवासाची मुदतवाढ होती.

गंमत बघा (कडू गंमत). नेमकं ऑक्टोबर २०२१ मध्ये सेंतानी तळ्याजवळ भव्य नवं स्टेडियम राष्ट्रीय स्पर्धांसाठी उघडलं. नाव काय? लुकास एनेम्बे स्टेडियम. हे लुकास एनेम्बे कोण? तेव्हाचे, म्हणजे पदावर असलेले, पापुआचे गव्हर्नर. पुढे जानेवारी २०२३ मध्ये भ्रष्टाचाराच्या प्रकरणात त्यांना अटक झाली, शिक्षा झाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते वारले. घराच्या दारात स्टेडियम तयार, आणि क्लब बबलमध्ये बालीत मॅच चुकवतोय.

अजून मागे गेलं की पैसा. इंडोनेशियात वर्षानुवर्षं क्लब चालायचे ते स्थानिक सरकारच्या बजेटवर. महापौर किंवा गव्हर्नर हाच क्लबचा अध्यक्ष. पर्सिपुराचे अध्यक्ष बेनहुर तोमी मानो हेही २०११ ते २०२२ जयपुराचे महापौर. २०११ मध्ये गृहखात्याने नियम काढला की प्रोफेशनल क्लबवर सरकारी बजेटचा पैसा खर्च करायचा नाही. नियम चांगलाच होता, दवाखान्याचे पैसे स्ट्रायकरवर उडवू नयेत हे कोणाला पटणार नाही! पण नियम आला तेव्हा बाजारात दुसरं काही उभं होतं का? जावामधल्या क्लबांकडे कारखाने, टीव्ही, लाखोंची गर्दी. पर्सिपुराकडे दोनच दारं: बँक पापुआ आणि फ्रीपोर्ट.

बँक पापुआ ही पापुआतल्या स्थानिक सरकारांच्या मालकीची बँक. म्हणजे पुढचं दार बंद केलं, मागचं उघडं राहिलं, एवढंच. आणि फ्रीपोर्ट म्हणजे ग्रासबर्गची खाण, जगातल्या सगळ्यात मोठ्या सोन्याच्या साठ्यांपैकी एक. त्या खाणीवरून पापुआत किती पिढ्यांचा राग साचलाय, आणि तिचंच नाव क्लबच्या जर्सीवर. मी काकाला विचारलं होतं, हे खटकत नाही का? तो म्हणाला, खाणीतून एवढं सगळं बाहेर जातं, फुटबॉल तरी आमच्याकडे येऊ दे. यावर मी काय बोलणार होतो.

जानेवारी २०२१ मध्ये लीग थांबलेली, प्रायोजकाचा पैसा थांबलेला, आणि क्लबने संघ तात्पुरता बरखास्त करून टाकला. चार वेळचा चॅम्पियन! पुन्हा जमवाजमव केली. जुलैमध्ये बोआझ सोलोसा आणि तिनुस पाए या दोघा जुन्या शिलेदारांना बेशिस्तीचं कारण देऊन काढलं. सीझन सुरू झाला, हरायला लागले, मग जॅकसेनलाही काढलं. आता सांगा, फेब्रुवारी २०२२ ची ती चुकलेली मॅच कारण आहे की लक्षण?

आणि फेडरेशनचं तर विचारूच नका. २०१२ मध्ये देशात दोन समांतर लीग चालू होत्या. पर्सिपुरा फेडरेशनला मान्य नसलेल्या लीगमध्ये खेळतो म्हणून त्याची एशियन चॅम्पियन्स लीगची जागाच गेली. क्लब थेट क्रीडा लवादाकडे गेला, तेव्हा कुठे अॅडलेड युनायटेडविरुद्ध एक प्लेऑफ मिळाली, ३-० हरले. २०१५ मध्ये एएफसी कपमध्ये पुन्हा ग्रुपमध्ये पहिले (बंगळुरू एफसी त्याच ग्रुपमध्ये दुसरा). पुढच्या फेरीत मलेशियाचा पहांग जयपुरात येणार, तर त्यांच्या परदेशी खेळाडूंना व्हिसाच्या कारणावरून देशात प्रवेशच नाकारला! मॅच झाली नाही, पहांगला ३-० बहाल. चारच दिवसांनी फिफाने सरकारी हस्तक्षेपावरून इंडोनेशियालाच निलंबित केलं. यात पर्सिपुराची चूक काय, तर त्या देशात जन्माला आले. आणि 'त्या देशात जन्माला येणं' हा पापुआत साधा विनोद नाही.

खाली गेल्यावरही नशिबाने पाठ सोडली नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला मलांगच्या कांजुरुहान स्टेडियममध्ये पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि चेंगराचेंगरीत १३५ माणसं मेली. त्यापुढे फुटबॉलचं काय बोलणार. दुसऱ्या पातळीची लीग थांबली ती थांबलीच, जानेवारी २०२३ मध्ये रद्द झाली. म्हणजे वर यायची पहिली संधी सीझन पूर्ण खेळण्याआधीच गेली. पुढचे दोन सीझनही दुसऱ्या पातळीवरच गेले.

आता माझं मत. मोठ्या देशाची एकच राष्ट्रीय लीग चालवायची तर अंतराचा खर्च हा त्या एका लांबच्या क्लबचा खर्च नसतो, तो लीगचा खर्च असतो. जावामधला क्लब सीझनमधल्या बऱ्याच मॅचेस बसने किंवा ट्रेनने जाऊन खेळू शकतो. पर्सिपुराला प्रत्येक बाहेरची मॅच म्हणजे विमान, हॉटेल, आठवडाभर बाहेर. हे दोघं एकाच टेबलवर समान गुणांनी मोजायचे आणि समान नियमांनी गुण कापायचे, याला कागदावर समानता म्हणता येईल. प्रवासाचा पैसा सगळ्यांच्या टीव्ही-उत्पन्नातून आधी बाजूला काढा, मग उरलेलं वाटा. यात उपकार नाहीत. 'साबांग ते मेराउके' ही घोषणा द्यायला तुम्हाला पापुआ हवं असतं, मग मेराउकेच्या बाजूचं तिकीटही काढा.

'मग गव्हर्नर, बँक, खाण यांच्या जिवावर जगणाऱ्या क्लबची दया कशाला?' असं माझा एक मित्र म्हणाला. मी म्हटलं, तू पुण्याचा ना? पुणे एफसीही २०१४ च्या त्याच एएफसी कपमध्ये होता. एका उद्योगसमूहाचा क्लब, व्यवस्थित चालवलेला, अकादमी वगैरे सगळं. २०१५ मध्ये बंद. त्याआधी मुंबईचा महिंद्रा युनायटेड, २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता, २०१० मध्ये बंद. २०१६ मध्ये गोव्याचे धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. यातल्या कोणाच्या मागे खाण नव्हती म्हणावं तर गोव्यातल्या दोघांच्या मागे खाणीही होत्या :) पुणे एफसी बंद झाला तेव्हा बालेवाडीवर किती लोक रडले?

जयपुरात ३१ मार्च २०२२ च्या रात्री काय झालं ते काकाने सांगितलं. तो तेव्हा जकार्तातच होता. घरी फोन केला तर वडील बोलेनात, आईने फोन घेतला आणि म्हणाली, उद्या कर. घरात कोणी गेल्यासारखं. पुढे त्याने एक हिशोब मांडला, तो मला तेव्हापासून सुटत नाही. जकार्तातल्या ऑफिसात त्याला पहिल्या भेटीत लोक दोनच गोष्टी विचारायचे: तुमच्याकडे भांडणं चालू आहेत ना, आणि बोआझला ओळखतोस का? क्लब खाली गेल्यावर त्याला पहिलाच प्रश्न तेवढा विचारतात.